किरकोळ

साडेचारला मी निघते.
मशीन पिशवीत, पावतीचे दोन रोल जास्तीचे.
मारुती चौक, कापडपेठ, मग मंडईची मागची बाजू.
दहा रुपये, वीस, पगाराच्या आठवड्यात पन्नास.
पावतीची शाई उन्हाळ्यात पंधरा दिवसांत उडते,
हे कुणी विचारत नाही, मीही सांगत नाही.

बायकांचे पैसे कुठून निघतात ते मला ठाऊक आहे.
ब्लाउजमधून निघतात तेव्हा कोमट असतात.
यार्डात हळद निवडणाऱ्या शालनच्या नोटा
तिच्या नखांसारख्याच पिवळ्या.
कॅशियर म्हणतो, हळदीकुंकू करून आलात काय?
रोज तोच विनोद.
शालनचं हळदीकुंकू बंद होऊन सहा वर्षं झाली,
हे त्याला कुठं माहीत.

बिल्कीसभाभी शनिवारी ‘आज नको’ म्हणते.
शनिवारी ती फोनमध्ये पैसे भरते,
विजापूरच्या बहिणीसाठी.
‘काय बोलता एवढं?’
‘बोलतो कुठं. ती भाकऱ्या बडवते, मी फॉल लावते,
फोन आपला डब्याला टेकवलेला असतो.’

गावभागातल्या त्रिशलावहिनींच्या पावत्या
माझ्याच कपाटात आहेत. चाळीस झाल्या.
घरी नको, म्हणाल्या, आणि विषय बदलला.
भाजीत घासाघीस करून त्या
हौसाक्काकडून पाच रुपये सोडवतात,
हौसाक्का जुडीतल्या चार काड्या काढून ते परत घेते,
आणि दोघींचे पाच-पाच
संध्याकाळी माझ्याच पिशवीत
शेजारी शेजारी बसतात.

खातं उघडताना फॉर्मवर एक रकाना असतो:
बचतीचा उद्देश.
शिक्षण, लग्न, घरदुरुस्ती, असं लिहायची रीत आहे.
हौसाक्का म्हणाली, कवळी लिही.
‘पोरगं म्हनतंय, ह्या वयात कुनाला दावायची हाय.
दावायला न्हवं रं बाबा, चावायला!
भडंग खाऊन सात वर्सं झाली मला.
परवा दवाखान्यात जाऊन इचारून आलो मी,
खालची-वरची मिळून नऊ हजार म्हनं.’
मी कवळी लिहिलं.
ऑफिसात कुणीतरी ते खोडून वैद्यकीय केलं.

आमच्या घरचा हिशेब मीच लिहिते, निळ्या वहीत.
दूध, गॅस, सासूबाईंच्या गोळ्या, पोराची ट्यूशन,
ह्यांच्या गाडीचं सर्व्हिसिंग,
प्रत्येकाला आपापली ओळ.
माझ्यावर जे काही जातं ते
सगळ्यात खाली, एकत्र: किरकोळ.
त्यात चपलेला घातलेला टाका आहे,
केसांच्या रंगाचं पाकीट, जे मी दोनदा पुरवते,
आणि वखारभागात एकदा विनाकारण घेतलेली
हिरव्या काचेची बरणी,
जिच्यात अजून मी काहीच भरलेलं नाही.

ह्यांनी एकदा विचारलं, किरकोळ दोनशे चाळीस?
रागानं नाही, सहज.
मी म्हटलं, किरकोळच की.

रिक्षा केली नाही तर आयर्विन पुलावरून
सांगलवाडीला चालत पंचवीस मिनिटं.
वीस रुपये वाचतात.
पुलाच्या मध्यावर पिशवी कठड्याला टेकवते,
स्वतःच्याच खात्याचा नंबर दाबते,
वीस.
मशीन घरघरतं, पावतीची जीभ बाहेर येते.
खाली कृष्णेत कुणीतरी म्हशी धूत असतं.
माझ्या फॉर्मवरचा रकाना कोराच आहे.
क्लार्क दर तीन महिन्यांनी आठवण करतो,
काहीतरी लिहा ना मॅडम,
आणि मी म्हणते, लिहिते.

काल हौसाक्काने पिग्मी दिली नाही.
पदरानं तोंड झाकून म्हणाली, उद्या.
मग पदर काढला.
दात फार पांढरे, फार सरळ,
दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे.
कोथिंबिरीच्या टोपलीवर कागदाची पुडी उघडी,
तिच्यात भडंग, वर लसणाच्या तळलेल्या पाकळ्या.
‘घे,’ म्हणाली.
‘आन् लिवू नगंस कुठं.’